प्राइड बिल्ल्यांचा मराठी सेट: बिल्ले झकास, सोबतची कार्डं निम्मीच पास

चौदा बिल्ले (एक कोरा, बाकीच्यांवर एलजीबीटी म्हणजे लेस्बियन, गे, बाय, ट्रान्स वगैरे लोकांचे झेंडे), प्रत्येकासोबत मराठीत छापलेलं एक कार्ड, ठेवायला कापडी पिशवी, किंमत ५९९ रुपये आणि कुरिअरचे ६० वेगळे. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी "कसा आहे गं, घेऊ का" असं विचारून झालंय, आणि प्रत्येकाला वेगवेगळं व्हॉट्सॅप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये. दोघं-तिघं मिळून घरून चालवतात, इन्स्टावर ऑर्डर घेतात, आणि खाली मी त्यांच्या कार्डांची बऱ्यापैकी चिरफाड केलीये, उगाच छोट्या दुकानाच्या पोटावर पाय नको. ज्यांना हवंय त्यांनी मेसेज करा, लिंक देतो. (हो, वर "टाकते" लिहिलंय आणि इथे "देतो". मी नॉनबायनरी आहे, म्हणजे स्वतःला ना धड पुरुष मानत ना धड बाई, त्यामुळे तोंडात येईल ते क्रियापद जातं, टायपो नाहीये.)

आधी पॅकिंग, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो विचारायला पण लाजतात. साधा खाकी बॉक्स, वर इंद्रधनुष्य-बिंद्रधनुष्य काही नाही, पाठवणाऱ्याच्या जागी फक्त एक आडनाव, आतल्या बिलावर "बॅज सेट, स्टेशनरी" एवढंच, यूपीआय केलं तर तिथेही तेच आडनाव दिसतं. पीजीत राहणारे, होस्टेलवाले, आईवडिलांसोबत राहणारे, सगळ्यांनी बिनधास्त मागवा. आमच्याकडे पार्सल वॉचमनकाकांनी घेतलं, मग आईने ते कानाशी धरून खुळखुळ वाजवून बघितलं, "नाणी मागवलीस की काय" म्हणाली आणि भाजी निवडायला निघून गेली. या एका गोष्टीसाठी दुकानाला पैकीच्या पैकी, कारण याच्याआधी एका दुसऱ्या ठिकाणाहून स्टिकर मागवले होते तर त्या लोकांनी बॉक्सवरच एवढं मोठं घोषवाक्य छापलं होतं की सोसायटीच्या गेटपासून घरापर्यंत ते पोटाशी धरून आणावं लागलं.

बिल्ला ४४ मिमीचा आहे, म्हणजे शाळेत मॉनिटरला असायचा साधारण तेवढा. मागे लांब पिन, ती सॅकवर आणि जीन्सच्या जॅकेटवर छान बसते पण पातळ टीशर्टवर लावू नका, भोक पडतं आणि बिल्ला मान टाकतो. पावसात सॅकला लावून फिरवले, गंज नाही आला, फक्त इंद्रधनुष्यवाल्याचं वरचं प्लास्टिक कडेने जरा सुटलंय. छपाई मॅट आहे, चकचकीत नाही, मला आवडली.

रंगांचं मात्र सांगायलाच हवं. बायसेक्शुअल (थोडक्यात बाय, एकाहून जास्त जेंडरच्या लोकांकडे ओढ असणारे) झेंड्यात त्यांनी तिन्ही पट्टे सारख्या जाडीचे केलेत. तो तसा नसतो. मायकल पेजने १९९८ साली तो झेंडा बनवला तेव्हा वरचा गुलाबी ४० टक्के, खालचा निळा ४० टक्के आणि मधला जांभळा फक्त २० टक्के ठेवला होता, आणि त्यामागे विचार होता, की जांभळा दोन्ही बाजूंच्या रंगात असा मिसळतो की चटकन दिसत नाही, जशी बाय माणसं गे-लेस्बियन लोकांतही आणि स्ट्रेट लोकांतही मिसळून जातात आणि कुणाच्या लक्षातच येत नाहीत. आता जांभळाच तेवढा रुंद केला तर मुद्दाच गेला ना. कुणी म्हणेल काय फरक पडतो, दुरून कुणाला कळतंय. बाय लोकांना पडतो हो, अर्धं आयुष्य "दुरून कळत नाही" यातच जातं.

बाकीचे रंग व्यवस्थित आहेत. एसेक्शुअलचा (थोडक्यात एस, ज्यांना लैंगिक आकर्षण वाटत नाही) काळा, राखाडी, पांढरा, जांभळा (२०१० चा झेंडा) अगदी बरोबर, राखाडी आणि पांढरा एकमेकांत गेलेले नाहीत, बऱ्याच स्वस्त बिल्ल्यांत जातात. अरोमँटिकचे (थोडक्यात अरो, ज्यांना प्रेमात पडायची ओढ नसते) दोन हिरवे वेगळे ओळखू येतात. लेस्बियनसाठी त्यांनी ओठांच्या ठशाचा जुना झेंडा न घेता एमिली ग्वेनचा २०१८ चा केशरी ते गुलाबी घेतलाय, हे फार बरं केलं, आणि त्यातला सगळ्यात वरचा गडद केशरी पट्टा जेंडरच्या ठरलेल्या चौकटीत न बसण्यासाठी आहे, हा मुद्दा पुढे कामाला येणारे म्हणून लक्षात ठेवा. नॉनबायनरीचा पिवळा, पांढरा, जांभळा, काळा पण मस्त उतरलाय. काय रोवनने २०१४ मध्ये बनवला तो. पिवळा म्हणजे पुरुष-स्त्री या जोडीच्या बाहेरचं जेंडर, पांढरा म्हणजे अनेक किंवा सगळी, जांभळा म्हणजे दोन्हीचं मिश्रण, काळा म्हणजे जेंडरच नाही. माझा दिवसागणिक पिवळ्या-काळ्याच्या मधे कुठेतरी मुक्काम असतो.

आता मुख्य तक्रार. बॉक्सच्या झाकणावर आतून लिहिलंय "ओरिएंटेशन सेट". चौदा बिल्ले काढून टेबलावर मांडले: इंद्रधनुष्य, प्रोग्रेस (इंद्रधनुष्याचीच नवी आवृत्ती), लेस्बियन, गे, बाय, पॅन (पॅनसेक्शुअल, ओढ वाटायला जेंडर आड येत नाही असे), एस, डेमी (डेमीसेक्शुअल, जवळीक झाल्यावरच ओढ वाटणारे), अरो, ट्रान्स, नॉनबायनरी, जेंडरफ्लुइड (ज्यांचं जेंडर बदलतं राहतं), इंटरसेक्स आणि एक कोरा. यातले ट्रान्स, नॉनबायनरी आणि जेंडरफ्लुइड हे ओरिएंटेशन नाहीच. तुम्ही कोण आहात याची ती नावं आहेत, तुम्हाला कोण आवडतं याची नाहीत. इंटरसेक्स तर शरीराशी संबंधित, जन्मतः लैंगिक लक्षणं स्त्री-पुरुषाच्या ठोकळ साच्यात न बसणं, त्याचा ना जेंडरशी थेट संबंध ना प्रेमाशी. २०१४ च्या नाल्सा निकालात (ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरचा) सुप्रीम कोर्टाने जेंडरची ओळख आणि लैंगिक कल यांची वेगवेगळी व्याख्या करून ठेवलीये, म्हणजे कोर्टाला जमलं ते एका खोक्याच्या झाकणाला जमायला हरकत नव्हती. नुसतं "प्राइड सेट" लिहिलं असतं तरी भागलं असतं.

ही चूक झाकणावर राहिली असती तर मी बोललोही नसतो. पण ती कार्डांत उतरलीये. नॉनबायनरीच्या कार्डावर चक्क असं छापलंय की नॉनबायनरी व्यक्तींना कुणाबद्दलही आकर्षण वाटू शकतं, त्यामुळे त्या साधारणपणे पॅनसेक्शुअल असतात. अरे? माझ्या ओळखीत एकजण नॉनबायनरी आहे आणि तिला-त्याला फक्त पुरुषच आवडतात, स्वतःला गे म्हणवून घेतो. दुसरी एकजण एस पण आहे आणि अरो पण, तिला कुणीच नको, तिला तिचं मांजर आणि शनिवारची ट्रेकिंगची गँग पुरते. मी स्वतः बाय आणि डेमी. कुठाय सगळे पॅन? अमेरिकेत २०१५ साली ट्रान्स लोकांचं मोठं सर्वेक्षण झालं होतं, २७,७१५ लोक होते, त्यातले एक तृतीयांशापेक्षा जास्त नॉनबायनरी. त्या सगळ्यांमध्ये मिळून क्वीअर (या सगळ्यांना मिळून वापरला जाणारा मोघम शब्द) म्हणवणारे २१ टक्के, पॅन १८, गे किंवा लेस्बियन वगैरे १६, स्ट्रेट १५, बाय १४, एसेक्शुअल १०. म्हणजे एकही शब्द पाव लोकांपर्यंत सुद्धा पोचत नाही आणि हे कार्डावर "साधारणपणे" छापून मोकळे.

खरी गंमत वेगळीच आहे आणि ती एकाही कार्डावर नाही. गे, लेस्बियन, स्ट्रेट हे शब्द वापरायला दोन माहित्या लागतात, तू कोण आणि तुला कोण आवडतं. बहुतेकांना पहिली माहिती जन्मापासून फुकट मिळालेली असते त्यामुळे ती लागते हेच लक्षात येत नाही. नॉनबायनरी माणसाकडे तीच सरकती असते. समजा मला फक्त बायका आवडतात, ठीक, पण मग मी कोण, स्ट्रेट की लेस्बियन? दोन्हीकडून उत्तर चुकतं. म्हणून मग लोक आपापल्या सोयीने वाट काढतात. काहीजण असे शब्द घेतात ज्यांना फक्त दुसरीच माहिती लागते, बाय, पॅन, किंवा स्त्रीत्वाकडे ओढ असेल तर गायनेसेक्शुअल आणि पुरुषत्वाकडे असेल तर अँड्रोसेक्शुअल, यात बोलणाऱ्याचं जेंडर विचारलंच जात नाही. काहीजणांना उलट आपलं नॉनबायनरी असणं शब्दातच हवं असतं, त्यांच्यासाठी ट्रिक्सिक आहे (स्वतः नॉनबायनरी, ओढ बायकांकडे), टोरिक आहे (स्वतः नॉनबायनरी, ओढ पुरुषांकडे), एनबियन आहे (स्वतः नॉनबायनरी, ओढही नॉनबायनरींकडेच). आणि खूप जण जुनाच शब्द धरून ठेवतात, कारण नॉनबायनरी असल्याचं कळायच्या आधी दहा वर्षं लेस्बियन म्हणून जगलेलं माणूस ती दहा वर्षं कुठे टाकणार. उरलेले आम्ही "क्वीअर" म्हणतो आणि चहा पितो.

यातलं ट्रिक्सिक-टोरिक-एनबियन काहीच या सेटमध्ये नाही. समजू शकते, मागणी किती असणार, आणि हे शब्द इंटरनेटवरच्या छोट्या कोपऱ्यांतून आलेत, आपल्याकडच्या नॉनबायनरी लोकांनासुद्धा सगळ्यांना माहीत नसतात. पण एका कार्डावर चार ओळी तरी? त्याऐवजी जागा कशावर घालवलीये तर "स्कोलिओसेक्शुअल"वर, नॉनबायनरी लोकांकडे ओढ असणारे म्हणून. हा शब्द वापरू नका बाबांनो. मुळात "वाकडं" अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, पाठीचा कणा वाकतो त्या स्कोलिओसिसचा भाऊ, म्हणजे आम्ही वाकडे आणि आमच्यावर प्रेम करणारे वाकड्यांचे शौकीन. यावर आक्षेप आले म्हणून काही लोक त्याऐवजी सेटेरोसेक्शुअल म्हणतात. त्यातही दोन मतं आहेत. नॉनबायनरी काही एका छापाचे दिसत नाहीत तर नेमकं कशाकडे आकर्षण, असं विचारणारे आहेत, आणि एक नॉनबायनरी दुसऱ्या नॉनबायनरीबद्दल बोलताना वापरत असेल तर ठीक, बाहेरच्याने वापरला की आपण नमुना झाल्यासारखं वाटतं असं म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या गटात. डेटिंग ॲपवर एकाने मला पहिल्याच मेसेजात हा शब्द टाकून "आय लव्ह पीपल लाइक यू" लिहिलं होतं, त्याला तिथेच नारळ दिला.

बाय कार्डावर येऊ. "पुरुष आणि स्त्री या दोन्हींबद्दल आकर्षण" अशी व्याख्या, आणि खाली किन्सी स्केलचं (लैंगिक कल मोजायची अमेरिकन संशोधक किन्सीची पट्टी) चित्र, शून्य ते सहा, बाय म्हणजे तीन. वर्ष १९४८ चं स्केल आहे ते! त्या काळात मोठंच काम होतं, माणसं दोन कप्प्यांत मावत नाहीत हे आकड्यांत दाखवलं, पण त्याच्या एका टोकाला फक्त विरुद्धलिंगी आणि दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी आहे. माझं "विरुद्ध" कोण आणि "सम" कोण? स्केलवर पाय ठेवायलाच जागा नाही. शिवाय एकीकडे वाढलं की दुसरीकडे कमी झालंच पाहिजे असा त्याचा हिशेब, दोन्हींकडे भरपूर ओढ असणारा आणि दोन्हींकडे जेमतेम असणारा दोघंही तीनवरच जाऊन बसतात. आणि ज्यांना कसलीच ओढ नाही त्यांच्यासाठी किन्सीला वेगळा एक्स ठेवावा लागला होता, तो या चित्रात गाळलाय, म्हणजे ज्या सेटमध्ये एस बिल्ला आहे त्याच सेटच्या चित्रातून एस लोक बाहेर.

आणि "दोन्ही" बद्दल म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बाय लोकांनी "एनिथिंग दॅट मूव्ह्ज" नावाच्या मासिकात १९९० सालीच जाहीरनामा छापून सांगितलं होतं की बाय म्हणजे दोनच असं धरून चालू नका आणि जेंडर दोनच आहेत असंही धरून चालू नका. त्यामुळे "बाय लोक नॉनबायनरींना मोजत नाहीत, मोजायचं असेल तर पॅन म्हणा" हे जे दरवर्षी नव्याने कुणीतरी शिकवतं त्याचा मला मनस्वी कंटाळा आहे. मी बाय आहे, मी नॉनबायनरी आहे, मी स्वतःला मोजतो. पॅन कुणाला आवडत असेल तर जरूर म्हणा, जेंडर हा निकषच नसणं असा पॅनचा अर्थ बरेच जण घेतात आणि तो छान आहे, माझ्या बाबतीत मात्र जेंडर दिसतं, जाणवतं, त्याप्रमाणे ओढीची जात बदलते, म्हणून बाय. बस इतकंच आहे ते, यात पानिपत करण्यासारखं काही नाही.

एसचं कार्ड काठावर पास. "ज्यांना सेक्स आवडत नाही" असं सुरू होतं आणि मी कपाळाला हात लावला, पण पुढच्या ओळीत सावरलंय, आकर्षण आणि कृती वेगळी असं दिलंय, ब्रह्मचर्याशी घोळ करू नका असंही. हे आपल्याकडे लिहायलाच लागतं. माझ्या त्या एस मैत्रिणीला घरी कळवून झाल्यावर मावशी कौतुकाने म्हणाली होती, "म्हणजे अध्यात्मिक वळण आहे हो पोरीचं." तिने आदल्याच रात्री दोन वाजेपर्यंत गँगस्टरची वेबसिरीज बघितली होती.

पण डेमी आणि अरो ही दोन कार्डं इतकी चांगली आहेत की यांसाठी बाकीचं माफ करावंसं वाटतं. डेमीला लोक सगळ्यात जास्त हसतात, "हे तर सगळ्यांचंच असतं, त्याला नाव कशाला." कार्डाने तेच उचललंय: बाकीच्यांना आकर्षण वाटतं आणि मग ते थांबायचं ठरवतात, डेमी माणसाला जवळीक होईपर्यंत वाटतच नाही, थांबवायला काही असतच नाही. एका वाक्यात संपवलं, मला हे आजवर दहा वाक्यांतही नीट सांगता आलं नव्हतं. २००६ च्या आसपास एव्हनच्या चर्चेत हा शब्द निघाला (एव्हन म्हणजे एसेक्शुअल लोकांची २००१ मध्ये डेव्हिड जेने सुरू केलेली साइट) हेही दिलंय. आणि अरोच्या कार्डावर सेक्शुअल आणि रोमँटिक ओढ वेगवेगळी असू शकते हे मस्त समजावलंय, की एखाद्याला शरीराची ओढ आहे पण प्रेमात पडणं ही भानगड नाही, एखाद्याचं बरोबर उलट, आणि म्हणून काहीजण दोन लेबलं लावतात, बायरोमँटिक एसेक्शुअल वगैरे. सोबत एक गोड वाक्य आहे, अरो माणसाला मैत्री, घर, मूल, सोबत यातलं काहीही हवं असू शकतं. स्थळं बघायला बसलेल्या घरांमध्ये हे कार्ड फ्रिजवर लावायला हवं. "लग्न झालं की येतं सगळं आपोआप" ऐकून ऐकून किती जणांची लग्नं होऊन बसलीत आणि काही आलं नाही. फक्त एक राहिलं, आपल्याकडे डॉ. प्रगती सिंग यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला इंडियन एसेस नावाचा गट आहे, परदेशी साइटचं नाव दिलंत तर घरच्यांचं पण द्या की.

कार्डांच्या मागच्या बाजूला मदतीसाठी संस्थांची नावं आहेत, त्यात मुंबईची हमसफर ट्रस्ट आणि पुण्याची समपथिक ट्रस्ट दोन्ही आहेत हे बघून बरं वाटलं. मराठीत या विषयावर साध्या भाषेत लिहायचं काम समपथिकच्या बिंदुमाधव खिरेंनी वर्षानुवर्षं केलंय, ही कार्डं इंग्रजी साइटवरून उचलण्याऐवजी तिकडे एक नजर टाकली असती तर भाषा तरी सुधारली असती. "आकर्षणाचा अनुभव घेतात" असं कोण बोलतं? आकर्षण वाटतं. सरबताचा अनुभव घेतो का आपण?

आता वापराचा अनुभव. बिल्ले मांडले तेव्हा माझी पार्टनर शेजारीच होती, तिने काही न वाचता केशरी-गुलाबी उचलला आणि ओढणीला लावून पण टाकला. मला खोडी काढायची हुक्की आली. म्हटलं, मी काही बाई नाहीये, मग तू लेस्बियन कशी? तिने आरशातूनच बघितलं माझ्याकडे. "आईशी चार वर्षं भांडून मिळवलाय हा शब्द, तुझ्यासाठी सोडू? तुला खुपत असेल तर तसं सांग, मग बोलू." मला खुपत नाही. तिच्या झेंड्यात माझ्यासारख्यांसाठी तो वरचा केशरी पट्टा आहेच की. पण सगळ्यांचं असं नसतं हं, आमच्या ओळखीतल्या एका नॉनबायनरी व्यक्तीला जोडीदाराने "मी गे आहे" म्हटलं की आपल्याला पुरुष समजलं गेल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाहीये. त्या दोघांनी शेवटी स्वतःसाठी नाही तर नात्यासाठी एक शब्द घेतला, डायमोरिक, म्हणजे असं नातं ज्यात निदान एकजण नॉनबायनरी आहे आणि ज्याला गे किंवा स्ट्रेट यातलं काहीच चपखल बसत नाही. असं काही कार्डात असतं तर मी हा सेट डोळे झाकून भेट म्हणून दिला असता. लेबल एकाच्या छातीवर लागतं पण झळ दोघांना पोचते, आणि चौदाच्या चौदा कार्डं माणूस एकटाच आहे असं धरून लिहिलीत.

बाहेर लावून फिरलं की काय होतं? काहीही नाही. मी सॅकवर बाय, डेमी आणि नॉनबायनरी असे तीन लावून बसने, ऑफिसला, मंडईत सगळीकडे गेले. इंद्रधनुष्य लोक ओळखतात, विशेषतः समलैंगिक संबंध गुन्हा नाही असं ठरवणारा ३७७ चा निकाल आला त्या २०१८ नंतर, बाकी झेंडे कुणाच्या बापाला कळत नाहीत. घरी वहिनीने बघितलं तर तिचा प्रश्न, "कुठल्या मंडळाचा बिल्ला गं हा?" गणपती जवळ आले होते, तिचं काही चुकलं नाही. मी म्हटलं आमचं एक छोटं मंडळ आहे. "वर्गणी मागू नका म्हणजे झालं" म्हणाली. ज्यांना अजून घरी सांगायचं नाहीये पण स्वतःपुरतं काहीतरी अंगावर हवंय त्यांना हे सोयीचं आहे, ज्याला कळतं त्यालाच कळतं. जंगली महाराज रोडवर कॅफेत एका कॉलेजच्या पोराने बिल देताना माझा डेमीचा काळा-राखाडी बघून आपली सॅक फिरवून दाखवली, त्याच्याकडे तोच होता. बोललो काहीच नाही, दोघंही ढिम्म.

तीन का लावले असंही विचारलं जातं. अहो एका शब्दात मावत नाही म्हणून. टिंडर या डेटिंग ॲपने सुद्धा २०१९ मध्ये ओरिएंटेशन टाकायची सोय आणली तेव्हा तीनपर्यंत निवडू दिली होती. आणि घरी, बँकेत, डॉक्टरकडे यातलं एकही लागत नाही तिथे नाही लावायचं, सक्ती थोडीच आहे. कोऱ्या बिल्ल्यावर माझ्या भाच्याने डायनोसॉर काढलाय.

सर्व्हिस. चुका सापडल्यावर दुकानाला मेसेज केला, जरा तिखटच, उत्तर त्याच रात्री आलं आणि उर्मट नव्हतं. बायचा बिल्ला बरोबर पट्ट्यांचा नवा छापून पाठवला, पैसे घेतले नाहीत. नॉनबायनरी कार्डातलं ते "साधारणपणे पॅन" वाक्य पुढच्या छपाईत काढतो म्हणाले, स्कोलिओचंही बघतो म्हणाले. झाकण मात्र आधीच भरपूर छापून पडलंय तर ते संपेपर्यंत तसंच. बायच्या व्याख्येवर आमचं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, "बाय म्हणजे दोन, ग्राहकाला सोपं पडतं," माझं म्हणणं वर आलंच आहे. "एकाहून जास्त जेंडर" असं लिहा, तेवढंच सोपं आहे, असं सुचवलं तर अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

घ्यावा का? बिल्ल्यांसाठी घ्या, ४३ रुपयांना एक पडतो आणि त्या मानाने दर्जा चांगला आहे. कार्डं बघून कुणाला समजावायला जाणार असाल तर डेमी, अरो, ट्रान्स आणि इंटरसेक्स एवढीच द्या, बाकीची दुरुस्त होईपर्यंत ड्रॉवरमध्ये. नव्या छपाईची वाट बघायची असेल तर ऑर्डर करताना "दुरुस्त कार्डं आली का" हे आधी विचारा, ते खरं सांगतात. सगळे चौदा नको असतील तर सुटा बिल्ला ६० ला देतात, पण तो यादीत दिसत नाही, मेसेज करावा लागतो. ट्रिक्सिक, टोरिक, एनबियनवाल्यांनो, तुम्हीच झेंड्याचं चित्र पाठवलंत तर त्याच ६० मध्ये छापून देतात, कमीत कमी पाच नग घ्यावे लागतात, तेव्हा आधी पाच जण गोळा करा. मला एनबियनचा हवाय, म्हणजे एक झाला, चार कुणी आहे का?